मुक्तीच्या दाखल्यावर मालकाची सही : नायजरमधल्या एका खटल्याचा अभ्यास

आधी नावांबद्दल

अशा लेखनात माणसांची नावं गाळायची पद्धत आहे, आणि ती योग्यच आहे. इथेही गुलाम बाळगणाऱ्या मालकाचं नाव नाही, भावाचं नाही, दुसऱ्या नवऱ्याचं नाही. फिर्यादी बाईचं नाव मात्र आहे, कारण ते गाळलं तर प्रकरणातला एक महत्त्वाचा निर्णयच गाळला जाईल. ज्या न्यायालयात शेवटी हा खटला उभा राहिला, तिथे निनावी अर्ज चालत नव्हता. तिला स्वतःच्या नावानिशी, आपल्याच देशाच्या सरकारविरुद्ध उभं राहावं लागलं. हदिजातू मानी कोराऊ हे तिचं नाव.

आणखी एक खुलासा. हा देश नायजर आहे, नायजेरिया नव्हे. नायजर ही फ्रान्सची जुनी वसाहत. 1960 मध्ये स्वतंत्र झाली, राजधानी नियामे, उत्तरेला सहारा. कोनी नावाचं जे गाव यात वारंवार येतं ते दक्षिणेला, नायजेरियाच्या सीमेला लागून आहे. आजूबाजूची वस्ती मुख्यतः हौसा भाषा बोलणारी.

कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात हे प्रकरण मी बरेचदा वापरतो. सुरुवातीला फक्त हकीगत सांगतो आणि विचारतो, ही तक्रार तुम्ही कुठल्या रकान्यात लिहाल? निम्म्याहून जास्त हात 'कौटुंबिक वाद' या बाजूला जातात. कोनीच्या कोर्टातही तेच झालं होतं, त्यामुळे मला त्या मंडळींचा राग येत नाही.

पार्श्वभूमी

1996 साल. हदिजातू बारा वर्षांची होती. ती बूझू समाजातली, म्हणजे पिढीजात गुलाम मानल्या गेलेल्या घरातली. एका जमातीच्या प्रमुखाने तिला 46 वर्षांच्या एका हौसा गृहस्थाला 2,40,000 सीएफए फ्रँकला, म्हणजे तिकडच्या चलनात, विकलं. आजच्या हिशेबाने ही रक्कम 366 युरोच्या आसपास जाते.

या व्यवहाराला तिकडे 'वाहिया' म्हणतात, आणि अशा रीतीने घरात आणलेल्या मुलीला 'सदाका' किंवा 'पाचवी बायको'. शरियतप्रमाणे रीतसर बायका चारच करता येतात. पाचवी त्या हिशेबाबाहेरची. ना तिचा निकाह, ना मेहर, म्हणजे लग्नात नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम. ती घरकाम करणार, शेतात राबणार, मालकाच्या रीतसर बायकांचीही सेवा करणार आणि मालकाला हवं तेव्हा त्याच्या अंगाखाली जाणार. मराठीत याला शब्द नाही असं कुणाला वाटत असेल तर पेशवाईतली कागदपत्रं उघडावीत. 'बटीक', 'कुणबीण' हे शब्द तिथे भाव आणि खरेदीखतांसकट सापडतात, आणि त्यांच्या पोटच्या पोरांना 'लेकावळे' हा वेगळा शब्दही होता. समाजाने शब्द घडवला की समजावं, प्रकार सर्रास होता.

हदिजातू त्या घरात सुमारे नऊ वर्षं राबली. मालकापासून तिला चार मुलं झाली, त्यांतली दोन जगली.

या नऊ वर्षांत बाहेर दोन गोष्टी बदलत होत्या. एक म्हणजे तिमिद्रिया ही संघटना. 1991 मध्ये इल्गिलास वेईला आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती नायजरमध्ये उभी केली. तमाशेक या तुआरेग लोकांच्या भाषेत 'तिमिद्रिया'चा अर्थ बंधुभाव, एकमेकांना धरून असणं. गावोगावी जाऊन गुलामीत असलेल्या माणसांची नोंद करणं, पळून आलेल्यांना आसरा देणं, कोर्टात उभं करणं हे त्यांचं काम. दुसरी गोष्ट म्हणजे कायदा. गुलामगिरीला राज्यघटनेत बंदी होतीच, पण ती फौजदारी गुन्हा ठरली 2003 मध्ये. दंडसंहितेत कलम 270 च्या पोटात नवी कलमं घातली गेली आणि शिक्षा ठरली 10 ते 30 वर्षं कैद. कागदावर तरी नायजरचा कायदा शेजाऱ्यांच्या मानाने कडक होता.

कागदावर म्हणण्याचं कारण 2005 मध्ये दिसलं. त्या वर्षी मार्चमध्ये मालीच्या सीमेजवळच्या इन अतेस इथे एका जमातीचा प्रमुख आपल्याकडचे सुमारे 7,000 गुलाम जाहीर समारंभात मुक्त करणार होता. ऐन वेळी माशी शिंकली. समारंभात मुक्ती झालीच नाही, देशात गुलाम नाहीतच असा सूर सरकारकडून लागला, आणि एप्रिल अखेरीस वेईलालाच अटक झाली. आरोप असा की परदेशी देणगीदारांकडून पैसे उकळण्यासाठी गुलामीच्या खोट्या कहाण्या रचल्या. जूनमध्ये तो सुटला.

हदिजातूच्या हातात तिचा दाखला पडला तो यानंतर दोन महिन्यांनी.

दाखला

18 ऑगस्ट 2005 रोजी मालकाने तिला गुलामीतून मुक्त केल्याचं प्रमाणपत्र दिलं. कागद साधाच. त्यावर मुक्त होणारीची सही, मुक्त करणाऱ्याची सही आणि खाली गावच्या मुखियाची सही व शिक्का. म्हणजे 2003 मध्ये गुलाम बाळगणं गुन्हा ठरल्यानंतर दोन वर्षांनी एका माणसाने लेखी, साक्षीदारासह, शिक्कामोर्तब करून कबूल केलं की आपल्याकडे गुलाम होती. आणि गावच्या मुखियाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मालकाच्या डोक्यात काय होतं, याचा अंदाज त्याच्या पुढच्या वागण्यावरून बांधता येतो. दाखला हातात आल्यावर हदिजातू म्हणाली, मी निघाले. तो म्हणाला, कुठे निघालीस, तू माझी बायको आहेस. कायद्याची धास्ती असलेल्या माणसाला ही सोय मोठी होती. गुलाम मुक्त केली म्हणून गुन्हा मिटला, आणि मुक्त झालेली बाई बायको ठरली म्हणून घरातली कामवाली आणि अंथरुणातली बाई दोन्ही जागेवर राहिल्या.

काही दिवसांनी आई आजारी आहे, तिला भेटून येते, असं सांगून ती घराबाहेर पडली आणि परत गेली नाही.

इथे आपल्याकडची एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. 1976 च्या वेठबिगार पद्धती (उच्चाटन) अधिनियमाखाली आपल्याकडेही मुक्तीचा दाखला मिळतो, पण तो द्यायचा सरकारी अधिकाऱ्याने, त्याच्या सहीने. मालकाने द्यायचा नाही. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी श्रमजीवी संघटनेतून वेठबिगार सोडवले, तेव्हा लढाई बरीचशी या सरकारी सहीसाठीच असायची. लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनलने पंडित दांपत्याला 1999 मध्ये आपला पुरस्कार दिला आणि 2004 मध्ये तोच पुरस्कार तिमिद्रियाला मिळाला. सही कुणाची, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. मालकाच्या सहीने मिळालेली मुक्ती ही मालकाने केलेली मेहरबानी असते आणि मेहरबानीला अटी असतात. सरकारी सहीमागचं म्हणणं वेगळं असतं: तुला बांधून ठेवायचा हक्क कुणालाच कधी नव्हता.

अडचण : हे लग्न होतं की नव्हतं?

14 फेब्रुवारी 2006 रोजी हदिजातूने कोनीच्या दिवाणी व रूढीविषयक न्यायालयात अर्ज केला. मागणी साधी: मला माझं आयुष्य माझ्या मर्जीने जगू द्या. 20 मार्चला निकाल लागला आणि तो तिच्या बाजूने लागला. मेहर दिलेला नाही, धार्मिक विधी झालेला नाही, तेव्हा खऱ्या अर्थाने लग्न झालेलंच नाही. ती मोकळी आहे.

पाच आठवड्यांत असा निकाल कुठल्याही वकिलाला हवाहवासा वाटेल. पण निकालाची चौकट पाहावी. न्यायालयाने विचारलं, लग्न झालं का? ही बाई बाराव्या वर्षी विकली गेली होती का, हे विचारलं नाही. समोर मुक्तीचा दाखला होता, देशात तीन वर्षांपूर्वीचा फौजदारी कायदा होता, तरी सरकारी वकिलाकडे कागद गेला नाही.

मालकाने अपील केलं. 16 जून 2006 रोजी कोनीच्याच वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला. ती नियामेच्या सर्वोच्च न्यायालयात गेली. 28 डिसेंबरला तिथे अपिलाचा निकाल कार्यपद्धतीच्या चुकांवरून रद्द झाला आणि प्रकरण नव्या पीठापुढे फेरसुनावणीसाठी कोनीला परत आलं. लग्न की गुलामी, या मुद्द्याला वरच्या न्यायालयाने हात लावला नाही.

मधल्या काळात एक जिवंत माणूस काय करेल? तिने आपल्या पसंतीच्या माणसाशी लग्न केलं.

11 जानेवारी 2007 रोजी जुन्या मालकाने तिच्यावर फिर्याद ठोकली. आरोप: एक नवरा असताना दुसरं लग्न. ज्याच्या समाजात पुरुषाला चार बायकांची मुभा आणि वर पाचवीची पळवाट, त्याने बाईवर दोन नवरे केल्याचा गुन्हा लावला.

एप्रिल-मे 2007 मधले हे दोन निकाल प्रशिक्षणात मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो. 6 एप्रिलला कोनीच्या दिवाणी न्यायाधीशाने फेरसुनावणीत हदिजातूला घटस्फोट मंजूर केला, तीन महिन्यांच्या इद्दतीसह, म्हणजे तेवढा काळ तिने दुसरं लग्न करायचं नाही. म्हणजे ती जिंकली. आता घटस्फोट मिळाला म्हणजे आधी लग्न होतं. आधी लग्न होतं म्हणजे मधलं लग्न दुसरं ठरलं. 2 मे रोजी त्याच गावातल्या फौजदारी न्यायालयाने तिला, तिच्या भावाला आणि नव्या नवऱ्याला सहा महिने कैद आणि 50,000 फ्रँक दंड ठोठावला. 9 मे रोजी हदिजातू आणि तिचा भाऊ तुरुंगात गेले, नवऱ्याच्या नावे अटक वॉरंट निघालं.

विकत घेणारा बाहेर आणि विकली गेलेली आत. यात एकाही न्यायाधीशाने कायदा मोडला असं ठामपणे म्हणता येत नाही. प्रत्येकाने आपल्यापुढे आलेल्या चौकटीत उत्तर दिलं. पहिल्या दिवशी 'वैवाहिक' या फाइलीत कागद गेला, आणि पुढचं सगळं त्या फाइलीच्या वळणाने गेलं.

समोर कोणते पर्याय होते

तुरुंगाचं दार बंद झाल्यावर तिच्या बाजूच्या लोकांपुढे, म्हणजे तिमिद्रिया आणि वकील अब्दुर्रहमान शैबू यांच्यापुढे, वाटा मोजक्या होत्या.

शिक्षेवर अपील करायचं आणि घटस्फोटाचा निकाल पुढे करत तिला सोडवायचं, ही सरळ वाट. माणूस आधी बाहेर काढायचा, तत्त्वाचं नंतर बघू. यात गैर काही नाही. पण ही वाट पुन्हा लग्न मान्य करूनच पुढे जात होती.

दुसरी वाट म्हणजे कलम 270 खाली मालकाविरुद्ध फिर्याद. ही सुरुवातीपासून मोकळी होती. धोका असा की तपास सरकारी वकिलाच्या हातात, आणि दोनच वर्षांपूर्वी याच सरकारने गुलामीची नोंद ठेवणाऱ्या संघटनेच्या अध्यक्षाला गजाआड केलेलं.

तिसरी वाट देशाबाहेरची. आफ्रिकेच्या मानवी हक्क आयोगाचं ठाणं गांबियातल्या बांजुलला. पण तिथे जायचं तर देशातले सगळे कायदेशीर उपाय आधी थकवावे लागतात. कोनी ते नियामे ते पुन्हा कोनी ही फेरी तिने एकदा केली होती. अजून किती करायच्या?

चौथ्या वाटेकडे तेव्हा कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. पश्चिम आफ्रिकी देशांचा आर्थिक समुदाय, ज्याला सगळे इकोवास म्हणतात, त्याचं एक न्यायालय नायजेरियातल्या अबुजा इथे आहे. ते मुळात व्यापार, करार अशा भांडणांसाठीचं. जानेवारी 2005 मध्ये एका पूरक करारनाम्याने त्याचं दार मानवी हक्कांसाठी आणि सामान्य व्यक्तींसाठी उघडलं. अटी दोनच: अर्ज निनावी नसावा, आणि तेच प्रकरण दुसऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे चालू नसावं. देशातले उपाय थकवण्याची अट त्यात नव्हती. नजरचुकीने राहिली की मुद्दाम वगळली, यावर वकील वाद घालत राहतील. तिच्यासाठी ती फट पुरेशी होती.

या वाटेची किंमत उघड होती. शेजारीपाजारी, नातलग, जुन्या मालकाचा गाव या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आपलं नाव घेऊन देशाला कोर्टात खेचायचं, आणि मग त्याच देशात राहायचं.

काय केलं गेलं

एकच वाट धरली नाही, हे मला यातलं शहाणपण वाटतं. शिक्षेवर अपील चालू ठेवलं. ती तुरुंगात असतानाच, 17 मे 2007 रोजी, वकिलांनी कोनीच्या सरकारी वकिलाकडे मालकाविरुद्ध गुलामगिरीच्या कलमांखाली फिर्याद दिली. लग्नाचा शब्द बाजूला ठेवून गुन्ह्याला गुन्ह्याचं नाव घेत केलेली या प्रकरणातली ही पहिली फिर्याद. विक्रीनंतर 11 वर्षांनी आणि पहिल्या अर्जानंतर 15 महिन्यांनी आलेली.

9 जुलै रोजी नियामेच्या अपील न्यायालयाने तिला आणि भावाला तात्पुरतं सोडलं आणि घटस्फोटाचा अंतिम निकाल लागेपर्यंत फौजदारी खटला थांबवून ठेवला. बरोबर दोन महिने ती आत होती.

14 डिसेंबर 2007 रोजी इकोवास न्यायालयात अर्ज दाखल झाला. देशात शैबू, आणि मदतीला लंडनच्या इंटरराइट्स या संस्थेतल्या वकील हेलन डफी. मालकाला यात प्रतिवादी करता येत नव्हतं. प्रतिवादी नायजरचं प्रजासत्ताक. दावा असा की गुलामी खाजगी माणसाने केली, पण कायदा हातात असून राज्य स्वस्थ बसलं.

एक बारीक गोष्ट इथे निर्णायक ठरली. न्यायालयाचं बस्तान अबुजाला, पण एप्रिल 2008 मधली सुनावणी न्यायालय स्वतः नियामेला येऊन बसलं. हदिजातूजवळ पैसा नव्हता आणि साक्षीदार सगळे नायजरचे. कोर्ट त्यांच्या दारी आलं नसतं तर ही साक्ष कागदावरच राहिली असती. तालुक्याच्या कोर्टात एका तारखेसाठी साक्षीदाराला एसटीने आणताना काय हाल होतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना याचं मोल सांगायला नको.

सरकारची बाजू ऐकण्यासारखी होती. आधी आक्षेप, की देशातले उपाय थकवलेले नाहीत. मग मुद्द्यावर: ही बाई त्या माणसाची बायको होती आणि कुठल्याही जोडप्यासारखी कमी-जास्त सुखात 2005 पर्यंत नांदत होती. नांदत होती! बारा वर्षांची विकत आणलेली मुलगी.

निकाल

27 ऑक्टोबर 2008 रोजी निकाल लागला.

देशातले उपाय थकवण्याचा आक्षेप न्यायालयाने फेटाळला. करारनाम्यात जी अट नाही ती आम्ही घालणार नाही, असा त्याचा मथितार्थ. गुलामी होती का, या प्रश्नावर 1926 च्या गुलामगिरीविषयक कराराची व्याख्या घेतली: माणसावर मालकी हक्काचे अधिकार गाजवले जातात ती स्थिती. मग तिच्या नऊ वर्षांकडे पाहिलं. विक्री, बिनपगारी राबणं, शरीरावरचा ताबा, हालचालींवरचा ताबा. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझींवर चाललेल्या न्युरेंबर्गच्या खटल्यांतला एक दाखलाही घेतला, की गुलामाला पोटभर जेवायला घातलं, चांगलं नेसायला दिलं, बऱ्या घरात ठेवलं तरी तो गुलामच असतो. 'सुखात नांदत होती' याला यापेक्षा नेमकं उत्तर मला सुचत नाही.

आणि पुरावा म्हणून सर्वांत वर आला तो 18 ऑगस्ट 2005 चा कागद. मुक्तीचा दाखला दिला, याचाच अर्थ त्या दिवसापर्यंत ती गुलाम होती. मालकाने स्वतःच्या बचावासाठी तयार केलेला कागद, त्याची सही, मुखियाचा शिक्का, सगळं त्याच्याच गळ्यात आलं.

राज्याची जबाबदारी ठरवताना न्यायालयाने कोनीच्या खटल्यातलं एक वाक्य उचललं. देशातल्या न्यायाधीशाने लिहिलं होतं की स्वतंत्र स्त्रीशी लग्न करण्याची ऐपत नसेल आणि व्यभिचाराचं भय असेल तर स्वतंत्र पुरुषाने गुलाम स्त्रीशी केलेलं लग्न वैध असतं. इकोवास न्यायालयाने म्हटलं, समोरची बाई गुलाम आहे हे न्यायाधीशाला दिसलं, त्याने ते लिहिलंही, आणि तरी त्याचा निषेध केला नाही, गुन्हा म्हणून पुढे पाठवलं नाही. हे गुन्हा स्वीकारणं आहे, निदान खपवून घेणं आहे. नायजर जबाबदार ठरलं आणि 1 कोटी सीएफए फ्रँक भरपाईचा आदेश झाला.

ही रक्कम तिच्या विक्रीच्या किमतीच्या साधारण 42 पट होते. असा हिशेब करू नये हे कळतं, पण होतो.

सगळं मात्र मिळालं नाही. लिंगभेद झाला हे न्यायालयाला पटलं, पण त्याचा दोष मालकाच्या माथी मारला, राज्याच्या नाही. तुरुंगवासाला बेकायदा म्हटलं नाही, कारण त्यामागे एका न्यायालयाचा निकाल होता, मग तो बरोबर असो वा चूक. आणि कायदे बदला असा सरसकट आदेश द्यायला नकार दिला. आम्ही देशांचे कायदे तपासत नाही, समोर आलेल्या माणसाचं काय झालं ते तपासतो, अशी भूमिका घेतली. एका बाईच्या खटल्यातून हजारो बायकांची प्रथा मोडीत काढू पाहणाऱ्या तिमिद्रियासाठी ही बाजू कोरडीच राहिली.

नायजर सरकारने निकाल मान्य केला आणि 2009 मध्ये रक्कम दिली. त्या भागातल्या प्रादेशिक न्यायालयांचे किती निकाल फाइलीतच वाळतात हे पाहता ही साधी बाब नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये हदिजातूला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा धाडसी महिलांसाठीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन नवरे केल्याचा तिच्यावरचा खटला मात्र देशातल्या कोर्टात पुढे अनेक वर्षं रेंगाळला. इकोवास न्यायालयाला तो पुसून टाकायचा अधिकारच नव्हता.

कुठे वेगळं करता आलं असतं

पहिली जागा अर्थातच फेब्रुवारी 2006. गुलामगिरीची फिर्याद त्या दिवशी, दाखला जोडून, सरकारी वकिलाकडे गेली असती तर? माझ्या मते ती फिर्याद धूळ खात पडली असती. पण पडली असती तरी तारखेची नोंद राहिली असती. पुढे दोन नवऱ्यांचा खटला उभा राहिला तेव्हा बचावाला सांगता आलं असतं की लग्नच नव्हे, मुळात व्यवहार गुन्ह्याचा आहे आणि आम्ही ते आधीच सांगितलंय. मे 2007 ची फिर्याद तुरुंगातून आली, त्यामुळे ती आरोपीने उलट ठोकलेल्या फिर्यादीसारखी दिसली. काम चालो न चालो, नोंद आधी करावी, हे आपल्याकडच्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ असतं. घाईत तेच राहून जातं.

तरी दोष द्यायला मी कचरतो. रूढीच्या न्यायालयाने पाच आठवड्यांत तिला मोकळं केलं. समोर 21-22 वर्षांची बाई आहे, तिला आज रात्री कुठे झोपायचं याची चिंता आहे, आणि एक दार लवकर उघडतंय. मीही तेच दार ठोठावलं असतं.

दुसरी जागा लग्नाची. अपील तुंबलेलं असताना तिने लग्न करायला नको होतं, असं प्रशिक्षणात कुणीतरी हमखास म्हणतं. वकिली हिशेबाने बरोबर आहे. पण जिच्या नशिबी नऊ वर्षं स्वतःच्या मर्जीने काहीच आलं नाही, तिला 'अजून थोडं थांब' हे कुणी आणि कुठल्या तोंडाने सांगायचं? सांगायचंच असेल तर धोका स्पष्ट शब्दांत मांडावा, वॉरंट आणि तुरुंग या शब्दांनिशी, आणि मग तिचा निर्णय तिच्यावर सोडावा. तिला हे कुणी सांगितलं होतं की नाही, हे कळलं तर या प्रकरणातून आणखी एक गोष्ट शिकता येईल.

तिसरी जागा घटस्फोट. लग्नच नव्हतं हे म्हणणं धरून ठेवायचं, की घटस्फोट पदरात पाडून मोकळं व्हायचं? पदरात पडलेला घटस्फोटच पायात बेडी झाला. हा मुद्दा आपल्याकडे जास्त लागू आहे. ठाणे-पालघर पट्ट्यात 'लग्नगडी' हा शब्द माहीत असलेली माणसं अजून आहेत. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचं आणि मग नवरा-बायकोने त्याच्या शेतावर वर्षानुवर्षं राबायचं. 1945 च्या वारली उठावात वेठीबरोबर लग्नगडीची पद्धत मोडण्याची मागणी होती. तिथेही बाहेरून पाहणाऱ्याला एक लग्न आणि एक उसनवारी दिसायची. 'कर्ज फेडायला हप्ते पाडून द्या' ही मागणी आपण केली की कर्ज मान्य केलं, आणि कर्ज मान्य केलं की माणूस परत शेतावर. मागणीचे शब्द आपणच निवडतो, आणि पुढे त्यांच्याच कैदेत अडकतो.

चौथी जागा भावाची. बहिणीच्या दुसऱ्या लग्नात साथ दिली म्हणून तो तुरुंगात गेला. खटल्याचा आराखडा करताना फिर्यादीभोवतीच्या माणसांचा धोका मोजायचा राहतो, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता तक्रारीच्या अर्जाआधी एका कागदावर घरातल्यांची यादी करायला लावतो. पुढे प्रत्येकासमोर लिहायचं: याच्यावर काय येऊ शकतं?

त्यानंतर

26 जुलै 2023 रोजी नायजरमध्ये लष्कराने सत्ता घेतली. इकोवासने निर्बंध घातले, लष्करी कारवाईची भाषा झाली, आणि जानेवारी 2024 मध्ये नायजर, माली आणि बुर्किना फासो या तिघांनी इकोवास सोडत असल्याचं जाहीर केलं. 29 जानेवारी 2025 पासून ते अधिकृतपणे बाहेर आहेत. चर्चा झाली ती व्यापाराची, व्हिसाची, चलनाची.

हदिजातूने ज्या दारातून आत पाऊल टाकलं ते याच समुदायाचं. कोनीजवळच्या एखाद्या गावात आज कुणाच्या हातात असाच दाखला पडला, सही मालकाची, शिक्का मुखियाचा, तर तो घेऊन तिला पुन्हा कोनीच्याच कोर्टाची पायरी चढावी लागेल, आणि तिथल्या कारकुनाचा पहिला प्रश्न असेल की अर्ज कुठल्या फाइलीत लावू.